ठिकाण नसलेल्या दोन बरण्या

२००५ च्या ऑक्टोबर महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, बाईंनी दोन बरण्या यादीतून वगळल्या. दोन्ही काचेच्या, प्रत्येकी एक लिटरच्या. दोन्हींत समुद्राच्या तळावरचे प्राणी स्पिरिटमध्ये ठेवलेले होते. प्राणी शाबूत होते. आतल्या चिठ्ठ्या मात्र कोऱ्या झाल्या होत्या. त्या चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या.

बाई सिॲटलच्या एका विद्यापीठात काम करत. समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळात कोणते प्राणी आहेत ते ओळखायचं, मोजायचं आणि लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. त्या मूळच्या नागपूरच्या. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांचं एम. एस्सी. पूर्ण झालेलं होतं. मी त्यांना भेटले तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. उंची बेताची, केस पुरुषासारखे कापलेले, गळ्यात दोन चष्मे. त्यातला एक मायक्रोस्कोपसाठी आणि एक माणसांसाठी, असं त्या सांगत. बरेचदा मायक्रोस्कोपवरून उठून त्या पहिलाच चष्मा लावून बोलायला येत आणि समोरच्याकडे फार जवळून पाहत.

त्यांना काय हाक मारायची हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. प्रयोगशाळेत सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. मी मॅडम म्हटलं, ते त्यांना आवडलं नाही. काकू म्हटलं, तर म्हणाल्या, "कोणाची काकू? मला काका नाही." शेवटी शाळेतल्यासारखं बाई म्हणायचं ठरलं. त्या मला पहिले काही महिने नावाने हाक मारत. नंतर पेपरवाली म्हणू लागल्या.

मी पुण्याच्या एका दैनिकात नऊ वर्षं उपसंपादक होते. २००४ मध्ये नवऱ्याला रेडमंडला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो. माझा व्हिसा त्याच्या व्हिसावर अवलंबून होता. त्यावर पगाराची नोकरी करता येत नसे. विनावेतन काम करायला हरकत नव्हती.

बाईंची भेट महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत झाली. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. मागच्या स्वयंपाकघरात शिऱ्यासाठी रवा चाळणं चाललं होतं. बाई तिथे उभ्या राहून चाळणी दिव्यासमोर धरून पाहत होत्या. चाळणीचा मालक कोण ते त्यांनी विचारलं आणि ही पाऊण मिलिमीटरची चाळणी आहे, हिच्यातून रव्यातल्या अळ्या खाली जाणार, एक मिलिमीटर तर नकोच, अर्ध्या मिलिमीटरची आणा, असं सांगितलं. रव्यात अळ्या नव्हत्या. तरी त्या वर्षी निम्म्या लोकांनी शिरा घेतला नाही. रवा चाळणाऱ्या काकू पुढे कित्येक महिने बाईंशी बोलल्या नाहीत. बाईंना ते कळलंच नाही.

चाळणी हा त्यांच्या धंद्याचा पाया होता. जहाजावरून लोखंडी जबडा दोरखंडाने तळाशी सोडतात. तो गाळाचा घास घेऊन वर येतो. तो गाळ चाळणीवर घेऊन पाण्याच्या धारेने धुतात. गाळ वाहून जातो, प्राणी चाळणीवर राहतात. बाई एक मिलिमीटरची चाळणी वापरत. नव्या माणसाला त्या पहिल्या दिवशी एवढंच सांगत, की चाळणीवर राहतो तो आपल्या नोंदीत येतो, गळून जातो तो येत नाही. नोंदीत नाही म्हणजे तिथे नाही, असं लिहायचं नाही.

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. उपसंपादकाच्या कामात ते नऊ वर्षं उपयोगी पडलं असतं.

सिॲटलच्या पश्चिमेला, फेरीबोटीने पाणी ओलांडून गेलं की डोंगरांच्या पायथ्याशी एक फिओर्ड आहे. हिमनदीने कोरून काढलेली आणि पुढे समुद्राने भरलेली अरुंद, खोल दरी म्हणजे फिओर्ड. दिसायला ती खाडीसारखी असते, पण खाडी तोंडाकडे खोल होत जाते आणि हा फिओर्ड तोंडाशीच उथळ आहे. तिथे पाण्याखाली दगडगोट्यांचा आडवा बांध आहे. त्या बांधाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ उंबरठा. बाई मराठीत बोलताना उंबरठाच म्हणत. उंबरठा ओलांडून आत गेलं की तळ एकदम खाली जातो. आतलं खोल पाणी बांधाने अडलेलं असतं, लवकर बदलत नाही. उन्हाळा संपताना त्यातला प्राणवायू कमी होतो. त्यामुळे काही मैलांच्या अंतरात तळावरची वस्ती पार बदलते. उंबरठ्यावर शिंपले, गोगलगायी, ठिसूळ हातांचे तारामासे, नखाएवढ्या कोलंबीसारखे जीव आणि कडेने केसाळ पायांची रांग असलेले समुद्री कृमी, अशी गर्दी असते. आतल्या खोल जागेत मोजकेच प्रकार मिळतात.

मी पुण्याची, तरी हे समजावून सांगताना बाई नागपूरचा नकाशा काढत. उंबरठा म्हणजे इतवारी. दुकानाला दुकान लागलेलं, माणसावर माणूस. खोल जागा म्हणजे सिव्हिल लाइन्स. मोठी आवारं, मधूनच एखादा बंगला, आणि त्या बंगल्यात राहणारा माणूस इतवारीत राहायला येणार नाही. कोणी खोल जागेला रिकामी म्हटलं तर त्या कामातून मान वर करत आणि विरळ हा शब्द दुरुस्त करून देत. विभागात आलेले पाहुणे, शाळेची मुलं, एकदा तर विद्यापीठाला देणगी देणारे एक वृद्ध गृहस्थ, सगळ्यांना ही दुरुस्ती मिळाली.

प्राण्यांशी बोलताना त्या मराठीत बोलत, आणि त्यातही भेद करत. रोज दिसणाऱ्या शिंपल्याला, तारामाशाला अरे-तुरे. वर्षातून एकदोनदा दिसणाऱ्याला अहो. मायक्रोस्कोपखाली ताटली सरकवताना त्यांचं पुटपुटणं ऐकू येई. तू पुन्हा आला का. तू बाजूला हो. या, बसा. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला एक अक्षर कळत नसे, पण आवाज बदलला की आज काहीतरी वेगळं निघालं आहे हे त्यालाही कळे.

त्या कोलंबी खात. मंडळाच्या एका जेवणात कोणीतरी विचारलं, की तुम्ही दिवसभर यांनाच पाहता, मग खाता कशा. बाईंनी ओळख पटल्यावर खाते असं सांगितलं आणि ताटातल्या कोलंबीचं शास्त्रीय नाव सांगितलं. यजमानीणबाईंनी दुकानदाराकडून वेगळीच जात समजून आणली होती. तो वादही तिथेच झाला.

प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीच्या तळघरात होती. मी रेडमंडहून सरोवरावरच्या तरंगत्या पुलावरून जाणारी बस पकडून आठवड्यातले तीन दिवस तिथे जाई. माझं काम ताटलीतल्या कचऱ्यातून प्राणी चिमट्याने वेगळे करण्याचं. ओळखण्याचं काम बाईंचं.

माझ्या नवऱ्याला हे काम यंत्राकडून करून घेता येईल असं वाटत असे. एका शनिवारी तो मला न्यायला आला. फोटो काढायचे, सॉफ्टवेअरला दाखवायचे, आकडा बाहेर पडेल, असं त्याने बाईंना सांगितलं.

"करून पाहू ना," बाई म्हणाल्या. "आधी तू मोज. मग तुझं मशीन तुझ्यावरून शिकेल."

त्याच्यापुढे कृमींची ताटली ठेवली. त्याने वीस मिनिटं लावून एकेचाळीस मोजले. बाईंनी त्याच ताटलीत सव्वीस मोजले. चाळणीवर धुताना कृमी तुटतात. त्याने तुकडे मोजले होते. नियम असा, की डोकं असलेला तुकडा तेवढाच मोजायचा. शेपट्या कितीही असोत.

"यार, हे आधी सांगायचं ना," तो म्हणाला.

"तू विचारलं का?" बाई म्हणाल्या. "एकेचाळीस आले म्हणून खूश होऊन बसला."

पुढे तो आला की स्वतःहून ताटली मागे. दोन वेळा त्याचा आकडा बरोबर आला. तिसऱ्या वेळी बाईंनी त्याला अहो म्हटलं.

खोल जागेच्या नोंदी बाई अठरा वर्षं ठेवत होत्या. दर सप्टेंबरमध्ये फिओर्डमधल्या ठरलेल्या ठिकाणी जहाज जाई, प्रत्येक ठिकाणी तीन वेळा गाळ काढला जाई आणि तीन बरण्या भरल्या जात. कार्यक्रम सरकारी होता. २००५ च्या सुरुवातीला त्यातली ठिकाणं कमी करायचं ठरलं. एका समितीने निकष काढला. जिथे इतरत्र न सापडणारी एखादी तरी प्रजाती किमान तीन वेगवेगळ्या वर्षी सापडली आहे ते ठिकाण राहील. बाकीच्यांचा विचार अहवाल आल्यावर होईल. विचार होईल याचा अर्थ जाईल असा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

खोल जागेत अशी एक प्रजाती होती. बोटाच्या पेरापेक्षा लहान, फिकट, पाठीवर सोनेरी केसांची एक ओळ असलेला कृमी. त्याला अजून नाव दिलेलं नव्हतं. यादीत तो प्रजाती क होता. अठरा वर्षांत तो दोनदा सापडला होता, दोन्ही वेळा खोल जागेत. बाई त्याला अहो तर म्हणतच, पण त्याच्याबद्दल बोलताना आवाजही खाली घेत. तो तिसऱ्यांदा सापडला तर जागा राहणार होती. सप्टेंबरची फेरी ही शेवटची संधी होती. बाईंनी त्या उन्हाळ्यात रजा घेतली नाही. जहाजाच्या माणसांना त्यांनी तीनदा फोन करून जबड्याची धार तपासायला सांगितली.

त्या फेरीला मी गेले. दोन दिवसांची फेरी. डेकवर सतत पाऊस. मला चिठ्ठ्या लिहायचं काम दिलं होतं. बाईंचे नियम तीन. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची. ती बरणीच्या आत, प्राण्यांबरोबर टाकायची. झाकणावर काहीही लिहायचं नाही, कारण झाकणं अदलाबदल होतात आणि मग माणूस झाकणावर विश्वास ठेवतो. नियमांची कारणं त्यांनी तिसऱ्याचीच सांगितली. पहिल्याचं कारण सांगावं लागेल असं त्यांना वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या मी पेन्सिलीने लिहिल्या. सकाळी उंबरठ्यावर तिसऱ्या वेळी जबड्यात दगड अडकून गाळ निसटला होता, म्हणून तो नमुना खोल जागेवरून परतताना दुपारी घ्यावा लागला. त्यामुळे खोल जागेची तिसरी आणि उंबरठ्याची तिसरी अशा दोन बरण्या एकाच वेळी डेकवरच्या टेबलावर होत्या. त्या दोन चिठ्ठ्यांवर पेन्सिल पुसट उमटली. कागद ओला होता. मी केबिनमध्ये जाऊन कोरड्या हाताने दोन नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. ठिकाण, तारीख, नमुन्याचा क्रमांक. त्या मी बॉलपेनने लिहिल्या. आमच्या दैनिकात पेन्सिलीने लिहिलेली प्रत छपाईला जात नसे. पेन्सिल खोडता येते, म्हणून ती कच्ची. पक्कं ते शाईत. नऊ वर्षं हेच केलं होतं.

बरण्यांत आधी फॉर्मालिन होतं. ऑक्टोबरमध्ये ते काढून स्पिरिट भरलं. आठवडाभराने, त्या मंगळवारी, बाईंनी एक बरणी ताटलीत ओतली. प्राण्यांबरोबर चिठ्ठीही आली. ती दोन्ही बाजूंनी कोरी होती. त्यांनी दुसरी बरणी ओतली. तीच स्थिती. बाकीच्या बरण्यांतल्या चिठ्ठ्यांवरची पेन्सिल स्वच्छ वाचता येत होती.

मी पलीकडच्या टेबलावर होते. मी उठून त्या दोन चिठ्ठ्या पेनाने लिहिल्याचं सांगितलं.

"कोणत्या दोन?" बाईंनी विचारलं.

खोल जागेची तिसरी आणि उंबरठ्याची तिसरी, असं मी सांगितलं.

बाईंनी माझं पेन मागून घेतलं. एका कागदाच्या तुकड्यावर बॉलपेनने माझं नाव लिहिलं, काचेच्या वाटीत स्पिरिट घेऊन त्यात तो तुकडा टाकला आणि वाटी माझ्यापुढे ठेवली. शाई निळ्या धुरासारखी कागदावरून उठू लागली. मग त्या पहिल्या ताटलीकडे वळल्या. पुटपुटणं एकदम हळू झालं. त्यांनी मला बोलावून मायक्रोस्कोपमधून पाहायला लावलं. फिकट अंगावर सोनेरी केसांची ओळ होती. डोकं शाबूत होतं.

त्या ताटलीत अकरा प्रकारचे प्राणी होते. दुसऱ्या ताटलीत नंतर अडतीस निघाले. विरळ कोणती आणि गर्दीची कोणती, हे शाळकरी मुलानेही सांगितलं असतं. गाळ धुऊन गेलेला असल्यामुळे मातीवरून काही ठरवता येत नव्हतं. जहाजाच्या नोंदवहीत वेळ आणि खोली होती; कोणती बरणी कोणती, ते नव्हतं. ते सांगायचं काम चिठ्ठीचं होतं.

दुपारी कार्यक्रमाचे प्रमुख खाली आले. ते अमेरिकन होते, सौम्य बोलणारे, बाईंपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. त्यांनी दोन्ही ताटल्या पाहिल्या आणि यात अडचण काय आहे ते आपल्याला कळत नाही असं सांगितलं. अकरावाली खोल जागेची. अठरा वर्षांच्या नोंदी तेच सांगतात. बाईंचं उत्तर असं, की खोल जागेत वेगळे प्राणी राहतात की नाही, हाच प्रश्न समितीने विचारला आहे. प्राणी वेगळे दिसले म्हणून बरणी खोल जागेची ठरवायची आणि मग ती बरणी पुरावा म्हणून समितीपुढे ठेवायची, हे आपण करणार नाही. उंबरठ्याच्या उतारावरही कधीकधी विरळ नमुना येतो. क्वचित, पण येतो.

मग प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठ्या टाकणारी व्यक्ती इथे आहे, तिला कोणती बरणी कोणती हे आठवत असेल तर तसं लिहून सही करावी, ते आपल्याला चालेल, असं ते म्हणाले. आणि बाईंना आणि मला बोलायला वेळ देऊन वर गेले.

मला काहीतरी आठवत होतं. एका बरणीच्या खांद्यावर काचेचा टवका उडाला होता. टवका उडालेल्या बरणीत मी खोल जागेची चिठ्ठी टाकली असं माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. सोनेरी केसांचा कृमी टवका उडालेल्या बरणीतून निघाला होता. तो निघाल्यानंतर मला ते आठवलं होतं. आधी की नंतर, हे मी बाईंना अजून सांगितलं नव्हतं.

बाईंनी माणसांचा चष्मा लावला. टवक्याची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. मग विचारलं, "तुझ्या पेपरात एवढ्यावर छापलं असतं का?"

मी नाही म्हटलं.

"मग इथं काऊन छापायचं?"

त्या उठल्या आणि दोन्ही बरण्या यादीतून काढल्या. म्हणजे यादीत खोल जागेपुढे तीनऐवजी दोन नमुने राहिले. उंबरठ्यापुढेही दोन. खोल जागेच्या त्या दोन नमुन्यांत प्रजाती क नव्हती. पुढचे चार दिवस बाईंनी वगळलेल्या बरण्यांतला प्रत्येक प्राणी ओळखला, मोजला आणि दोन स्वतंत्र पानांवर लिहिला, जणू ती पानं अहवालात जाणार होती. ठिकाणाच्या रकान्यात दोन्ही पानांवर अज्ञात असं लिहिलं. पेन्सिलीने.

त्या चार दिवसांत त्या नेहमीसारख्याच पुटपुटत होत्या. एकदाच, सोनेरी केसांच्या कृमीला कुपीत घालताना, त्यांनी त्याला विचारलेलं मी ऐकलं.

"कुठून आलात, तेवढं सांगा ना."

डिसेंबरमध्ये अहवाल समितीकडे गेला. अहवालात एक परिच्छेद बाईंनी स्वतः लिहिला होता. चिठ्ठ्या लिहिण्याच्या चुकीमुळे दोन नमुने वगळले असून नमुन्यांची जबाबदारी आपली आहे, असा तो होता. चिठ्ठ्या कोणी लिहिल्या ते त्यात नव्हतं. मी तो परिच्छेद टाइप केला. चिठ्ठी माझी होती, ते लिहिलं पाहिजे, असं मी त्यांना सांगितलं. नियमाचं कारण कोणी सांगितलं नव्हतं, असं त्यांनी विचारलं. तुम्ही, असं मी म्हटलं. मग बरोबर टाइप केलं आहेस, असं त्या म्हणाल्या.

समितीने खोल जागा वगळली. वगळलेल्या ठिकाणी तीन वर्षांनी एकदा नमुने घेऊन पाहावेत आणि निकष पूर्ण झाला तर ती परत घ्यावीत, एवढी एक ओळ निर्णयात होती.

२००६ च्या मार्चमध्ये नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला आलो. बाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करत. तब्येत, हवा, नवऱ्याची मोजणी कशी चालली आहे, असं बोलणं होई. शेवटी त्या महिन्यात कोण कोण ताटलीत आलं त्याची यादी सांगत, अरे-तुरेवाले आधी आणि अहो-जाहोवाले नंतर. खोल जागेचा विषय त्या काढत नसत. मी काढला तर तिथे आता कोणी जात नाही म्हणून सांगता येत नाही, असं म्हणत. २००७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. टेबल त्यांच्याकडेच राहिलं. पगार बंद झाला. आता दोघी फुकट्या, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये जहाज खोल जागेवर गेलं. खोल जागेच्या तीन आणि उंबरठ्याच्या तीन, अशा सहा बरण्या तळघरात आल्या. प्राणी ओळखायला बाईंइतकं जाणतं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून प्रमुखांनी त्यांनाच विचारलं. बाईंनी अट घातली. आपल्याला या जागेबद्दल इच्छा आहे आणि इच्छा असलेल्या माणसाने ठिकाण माहीत असताना मोजू नये. तेव्हा कोणीतरी चिठ्ठ्या काढून घ्याव्यात, बरण्यांना नुसते एक ते सहा क्रमांक द्यावेत आणि कोणता क्रमांक कुठला हे लिहिलेला कागद पाकिटात बंद करून विद्यापीठाबाहेरच्या माणसाकडे पाठवावा. प्रमुखांना ही खबरदारी जास्त वाटली, पण त्यांनी तसं केलं. पाकीट नेपरव्हिलला माझ्या पत्त्यावर आलं.

ते येणार हे बाईंनी फोन करून आधी सांगितलं होतं. माझ्याकडेच का, असं मी विचारलं.

"तू एकदा नाही म्हणाली होतीस," त्या म्हणाल्या. "ठेव. मी सांगेपर्यंत उघडू नको."

पाकीट मी पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवलं. ते तिथे सात आठवडे होतं. नवऱ्याने दिव्यासमोर धरून पाहू का असं एकदा विचारलं. मी फाइल कुलपात ठेवली.

नोव्हेंबरच्या शेवटी, एका रविवारी सकाळी अकरा वाजता, बाईंचा फोन आला. नेपरव्हिलला बाहेर बर्फ पडत होता. सहाही बरण्या मोजून झाल्या होत्या. त्यांनी एकेक बरणी वाचून दाखवली आणि मी लिहून घेतली. पहिल्या बरणीत नऊ प्रकार. दुसरीत चौतीस. तिसरीत दहा. चौथीत तेरा. पाचवीत आठ. सहावीत एकतीस. प्रजाती क एकाच बरणीत होती, चौथ्या. दोन कृमी, दोन्ही शाबूत. दुसरी आणि सहावी सोडली तर बाकी चार बरण्या विरळ होत्या. खोल जागेच्या बरण्या तीनच होत्या. म्हणजे एक विरळ बरणी उंबरठ्याची होती, हे आम्हा दोघींनाही तेव्हाच कळलं होतं.

मग त्यांनी पाकीट उघडायला सांगितलं. मी कात्रीने कड कापली. आत टाइप केलेला एक कागद होता. एक, खोल जागा, पहिला नमुना. दोन, उंबरठा, पहिला नमुना. तीन, खोल जागा, दुसरा नमुना. चार, उंबरठा, दुसरा नमुना. पाच, खोल जागा, तिसरा नमुना. सहा, उंबरठा, तिसरा नमुना.

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.  

"चौथी पुन्हा वाच," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचली. त्यांनी ती लिहून घेतली. पेन्सिलीचा आवाज आला. मग त्यांनी कागदावर कोणाची सही आहे ते विचारलं, तारीख विचारली आणि कागद टपालाने परत पाठवायला सांगितला. मी तो सोमवारी पाठवला.

डिसेंबरमध्ये समितीने पुढच्या वर्षीच्या ठिकाणांची यादी प्रसिद्ध केली. खोल जागा तिच्यात नाही; प्रजाती क आता फक्त तिथलीच उरली नव्हती. सोबतच्या परिशिष्टात प्रजातींची सूची आहे. तिच्यात प्रजाती क च्या नावासमोर खोल जागा, दोन वर्षं, आणि उंबरठा, एक वर्ष, अशी नोंद आहे. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात बाईंची सही आहे.